उभ्या विमानाजवळचे भान

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, देवदिवाळीच्या दिवशी, म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ निघतो. माणगंगेच्या काठी माणदेशातील गावोगावची माणसे लोटतात, गुलाल-खोबऱ्याची उधळण होते, दोराला हात लावण्यासाठी झुंबड उडते. त्या गर्दीत एक गोष्ट मात्र कोणाला शिकवावी लागत नाही. रथाच्या चाकापुढे कोणी उभे राहत नाही. रथ थांबलेला असला तरी नाही. एखादे लहान मूल त्या बाजूला सरकले, तर अनोळखी माणूसही त्याला दंडाला धरून मागे ओढतो आणि पुन्हा आपल्या दर्शनाला लागतो.

रथाचे ओझे डोळ्यांना दिसते, चाकाचा घेर दिसतो, म्हणून सावधगिरी आपसूक येते. विमानतळावर उभे असलेले विमान या बाबतीत मोठे फसवे असते. ते आकाशात असते तेव्हा सर्वांच्या मनात थोडी धाकधूक असते. जमिनीवर टेकले की प्रवासी सुटकेचा श्वास घेतात. त्याच क्षणी काही माणसांचे काम सुरू होते. चाकांची तपासणी, तेलाची पातळी, पंखांच्या कडा, इंजिनाची पाती, गळतीच्या खुणा, हे सारे पाहायला ही माणसे विमानाच्या पोटाखाली शिरतात. विमानाचा धोका त्यांच्यासाठी तेव्हा सुरू होतो.

म्हसवड, फलटण, दहिवडी, आटपाडी, विटा या बाजारपेठांतील व्यापारी घरांत हा विषय आता अगदी परका राहिलेला नाही. बारावीनंतर दुकानाच्या गादीवर न बसता मुले पुण्या-मुंबईची वाट धरतात, आणि त्या अनेक वाटांत विमानाच्या देखभालीचा अभ्यासक्रम हीही एक वाट आहे. मुलगा 'विमानतळावर नोकरीला आहे' एवढे नातेवाइकांना अभिमानाने सांगितले जाते. तो रात्रपाळीत नेमके काय करतो, कशाखाली उभा राहतो, कोणाच्या इशाऱ्यावर मागे सरतो, हे मात्र घरात क्वचितच कोणी विचारते.

खरे तर या धंद्याशी जैन व्यापारी समाजाचे नाते पुष्कळ जुने आहे. सोलापूरच्या दोशी कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. विमाने बांधण्याचे स्वप्न घेऊन निघालेला हा कारखाना महायुद्धाच्या धामधुमीत सरकारच्या ताब्यात गेला, आणि युद्धाची उरलेली वर्षे तेथे मुख्यतः दोस्त राष्ट्रांच्या विमानांची दुरुस्तीच झाली. आजचे हिंदुस्थान एरोनॉटिक्स ते हेच. भारतात विमानदुरुस्तीचे मोठे काम जेथे रुजले, तो कारखाना एका सोलापुरी व्यापाऱ्याच्या धाडसातून उभा राहिला होता. पुढे महाराष्ट्रात नाशिकजवळ ओझरला लढाऊ विमानांचे काम आले, मुंबईत एअर इंडियाचा मोठा देखभालतळ वाढला, आणि २०१५ साली नागपूरच्या मिहानमध्ये बोईंगने उभारून दिलेला तळ सुरू झाला.

त्याच २०१५ सालच्या डिसेंबरमध्ये मुंबईला जे घडले, त्यापासून या विषयाकडे पाहणे योग्य ठरेल.

१६ डिसेंबरची रात्र. हैदराबादला जाणारे एअर इंडियाचे एआय ६१९ हे एअरबस ए ३१९ जातीचे विमान प्रवाशांसह निघण्याच्या तयारीत होते. विमान स्वतःच्या बळावर मागे जात नाही. ट्रॅक्टर त्याला मागे ढकलतो, आणि तेवढा वेळ कंपनीचे तंत्रज्ञ पुढच्या चाकाजवळ चालत असतात. त्यांच्यातील एकाच्या कानावर हेडसेट असतो आणि त्याची तार विमानाच्या नाकाखाली जोडलेली असते. वैमानिकाला स्वतःच्या पोटाखालचे काहीही दिसत नाही. जमिनीवरचा हा माणूसच त्याचे डोळे. त्या रात्री कॉकपिट आणि जमीन यांच्यातील इशाऱ्यात गफलत झाली. माणसे पूर्ण दूर होण्यापूर्वीच पुढची हालचाल सुरू झाली, आणि विमानाजवळ असलेला अनुभवी तंत्रज्ञ चालू इंजिनात ओढला गेला. एका कुटुंबाचा कर्ता पुरुष क्षणात नाहीसा झाला. ना वादळ होते, ना यंत्रात बिघाड. रोज शेकडो वेळा होणारे साधे काम चालू होते.

चालत्या इंजिनासमोर माणूस जातोच कसा, असा प्रश्न कोणालाही पडेल. याचे उत्तर इंजिनाच्या स्वभावात आहे. त्याच्या मागून निघणारा झोत प्रचंड असतो, तो दुरूनच जाणवतो, ढकलतो, तापवतो. पुढच्या बाजूचे ओढणे तसे नसते. इंजिन समोरून, बाजूंनी, खालून, सगळीकडून हवा खेचत असते. त्यामुळे चार पावले दूर उभ्या असलेल्याला वाऱ्याची फारशी झुळूकही लागत नाही. दोन पावले पुढे सरकताच मात्र ओढ एकदम वाढते, आणि पाय उचलला गेला की सावरायला काही उरत नाही. बोईंग ७३७ च्या मंद गतीने चालणाऱ्या इंजिनासमोर सुमारे तीन मीटरचा पट्टा वर्ज्य मानला जातो; जोर वाढवला की तो चार मीटरच्या पुढे जातो. म्हणजे ज्या जागी माणूस आत्तापर्यंत सुखरूप उभा होता, तीच जागा वैमानिकाने हातातील दांडा थोडा पुढे सारताच धोक्याची होते. जमिनीवरची रेघ बदललेली नसते, आवाज आधीपासूनच कानठळ्या बसवणारा असतो, कानांवर संरक्षक टोप्या असतात. आसपासच्या दुसऱ्या विमानांचाही गोंगाट असतोच. कोणते इंजिन चालू आहे, हे कानांना कळत नाही.

म्हणून डोळ्यांसाठी खुणा केलेल्या असतात. पुष्कळ इंजिनांच्या मध्यभागी पांढरी वळणदार रेघ रंगवलेली असते. ती फिरताना दिसली की पाती फिरत आहेत हे समजते. विमानाच्या पाठीवर आणि पोटाखाली लाल दिवा लुकलुकत असेल, तर इंजिन चालू आहे किंवा आता चालू होणार आहे असे समजायचे आणि जवळ जायचे नाही. हा नियम पहिल्याच दिवशी शिकवला जातो. ३१ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील माँटगोमेरी विमानतळावर तो नियम सर्वांना ठाऊक होता. नुकतेच आलेले एम्ब्रेअर विमान जागेवर थांबले होते, त्याचे वीज पुरवणारे छोटे सहायक इंजिन नादुरुस्त होते, म्हणून बाहेरची वीज जोडेपर्यंत मुख्य इंजिन चालू ठेवणे भाग होते. ही गोष्ट कामगारांना आधी सांगितलीही गेली होती. लाल दिवा लुकलुकत होता. तरीही शेपटीच्या बाजूला सुरक्षेचा शंकू ठेवायला गेलेली एक कामगार स्त्री पंखाच्या कडेने पुढे आली आणि इंजिनात ओढली गेली. थांबलेले विमान म्हणजे बंद विमान, ही समजूत हाडीमासी किती भिनलेली असते, हे यावरून दिसते. सणासुदीच्या दिवशी काम करणाऱ्यांकडे अधिक लक्ष असावे, हेही ओघानेच आले.

देखभालीच्या तपासणीत तर इंजिन मुद्दाम चालू ठेवावे लागते. गळती बंद इंजिनात दिसत नाही. तेल दाबाखाली आले की थेंब दिसतो. १६ जानेवारी २००६ रोजी टेक्सासमधील एल पासो येथे काँटिनेंटल कंपनीच्या बोईंग ७३७ च्या उजव्या इंजिनाखाली तेल दिसले. प्रवासी विमानात बसलेले होते. इंजिनाची झाकणे उघडून, ते चालू करून, खाली बसून गळती शोधली जात होती. नीट पाहता यावे म्हणून इंजिनाचा जोर सुमारे ७० टक्क्यांपर्यंत वाढवण्यात आला. त्यानंतर एक तंत्रज्ञ उभा राहिला आणि पुढे सरकला. शोधायच्या गोष्टीकडे मन लागले की उभे राहण्याच्या जागेवरून मन सुटते, हा मनुष्यस्वभाव आहे. हिशेबातील चार आण्यांची चूक शोधणाऱ्या मुनिमाला समोर आलेला माणूस दिसत नाही, तसेच हे. फरक एवढाच की मुनीम गादीवर बसलेला असतो.

इंजिनाइतके प्रसिद्ध नसलेले धोके विमानाच्या पोटात असतात. चाके आत घेतल्यावर बंद होणारी दारे द्रवाच्या दाबावर चालतात. हा दाब चौरस इंचाला सुमारे ३००० पौंड असतो. मोटारगाडीच्या टायरमधील हवेचा दाब ३० ते ३५ पौंड असतो, हे ध्यानात घेतले की अंदाज येईल. १० जुलै २०१९ च्या पहाटे, रात्रीचे काम चालू असताना, कोलकाता विमानतळावर एका बॉम्बार्डियर क्यू ४०० विमानाच्या चाकांच्या कप्प्यात एक तरुण तंत्रज्ञ वाकून काम करीत होता. दारे अनपेक्षितपणे मिटली. त्याला बाहेर काढण्यासाठी ती तोडावी लागली. तोपर्यंत सारे संपले होते. वय अवघे बावीस वर्षांचे. एवढ्या वयाची मुले आपल्याकडे अजून वडिलांच्या हाताखाली भाव करायला शिकत असतात.

अशा दारांना आणि चाकांच्या सांध्यांना काम सुरू करण्यापूर्वी खिळी घालायची असते. पोलादी खिळी, तिला लांब लाल फीत, फितीवर 'उड्डाणापूर्वी काढा' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे. खिळी आत असेपर्यंत दाब आला तरी सांधा हलत नाही. त्याचबरोबर कॉकपिटमधील संबंधित दांड्याला किंवा बटनाला 'हात लावू नये' अशी चिठ्ठी बांधायची, आणि ज्याने ती बांधली त्यानेच ती सोडायची. ही शेवटची अट फार महत्त्वाची आहे. दुकानाच्या तिजोरीची किल्ली ज्याच्या कमरेला, हिशेब त्याचाच. दुसऱ्याने सोयीसाठी किल्ली उचलली की गोंधळ ठरलेला. आत माणूस आहे की नाही, हे वर बसलेल्याला दिसत नाही. चिठ्ठी हेच त्या माणसाचे तेथील अस्तित्व.

चाकांचीही अशीच तऱ्हा. मोठ्या विमानाच्या टायरमध्ये चौरस इंचाला सुमारे २०० पौंड दाब असतो, आणि तो हवेचा नसून नायट्रोजनचा असतो. ब्रेक अतिशय तापल्यावर टायरच्या आतील प्राणवायूमुळे आतल्या आत पेट होऊन स्फोट होऊ शकतो, म्हणून ही काळजी. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकाना कंपनीच्या बोईंग ७२७ च्या चाकात साधी हवा भरलेली होती. ब्रेक घासत राहून तापला, उड्डाणानंतर टायर फुटला आणि त्यातून लागलेल्या आगीत विमान कोसळून १६७ जणांचा अंत झाला. नुकत्याच उतरलेल्या विमानाच्या तापलेल्या चाकाजवळ जायचे तर समोरून किंवा मागून जायचे, बाजूने कधीही नाही. कारण फुटले तर रिम बाजूलाच उडते. पंक्चर काढणारा जुना कारागीरही ट्रकच्या चाकात हवा भरताना नेमका असाच बाजूला सरकतो. त्याला कोणी पुस्तक दिलेले नसते.

येथवर जे सांगितले, त्यात इजा होते ती काम करणाऱ्याला. दुसऱ्या प्रकारची चूक जमिनीवर होते आणि तिचा जमाखर्च आकाशात निघतो. या प्रकारातील एक घटना व्यापारी माणसाने बारकाईने वाचावी अशी आहे.

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम. जून १९९०. ब्रिटिश एअरवेजच्या एका बीएसी वन-इलेव्हन विमानाची कॅप्टनसमोरची काच बदलायची होती. रात्रपाळीत माणसे कमी होती, म्हणून पाळीप्रमुखाने ते काम स्वतःच अंगावर घेतले. वेळ पहाटेची. कष्टाळू, सचोटीचा, अनुभवी माणूस. काच ९० बोल्टांनी बसवलेली होती. जुने बोल्ट काढल्यावर काही झिजलेले दिसले, तेव्हा ते नवे घालावेत असे त्याने ठरवले. म्हणजे हेतू चांगलाच होता. तो एक जुना बोल्ट नमुना म्हणून घेऊन भांडारात गेला. विटा-आटपाडीच्या हार्डवेअर दुकानात शेतकरी मोटारीचा झिजलेला नट घेऊन येतो आणि 'अगदी असाच द्या' म्हणतो, तसेच हे झाले. भांडारप्रमुखाने सांगितले, की या काचेला हा बोल्ट लागत नाही, त्यापुढचा क्रमांक लागतो. त्याचे म्हणणे बरोबर होते. परंतु आधीचे बोल्ट चार वर्षे टिकले आहेत, तर तेच बरे, असा पाळीप्रमुखाचा विचार. भांडारप्रमुखाने एकदा सांगितले आणि पुढे आग्रह धरला नाही.

भांडारात त्या मापाचे पुरेसे बोल्ट निघाले नाहीत. पाळीप्रमुख दुसऱ्या, देखरेख नसलेल्या मांडणीकडे गेला. तेथे उजेड मंद, खणांवरच्या चिठ्ठ्या पुसट. जवळचे वाचायला लागणारा चष्मा त्याने लावलेला नव्हता. त्याने नमुन्याचा बोल्ट हातात धरून डोळ्यांनी जुळवून ८४ बोल्ट निवडले. त्यांचा व्यास हवा त्यापेक्षा ०.०२६ इंचाने, म्हणजे एका मिलिमीटरच्या दोन तृतीयांशाने, कमी होता. उरलेल्या सहा जागी जुन्याच क्रमांकाचे बसले; तेही लांबीला किंचित तोकडेच होते. सुट्या भागांच्या सूचीत योग्य क्रमांक छापलेला होता. ती सूची त्याने उघडली नाही. आणि ही काच बदलणे हे काम अशा यादीत नव्हते, की ज्यात दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे तपासून सही करावी लागते. त्यामुळे त्याचीच नजर पहिली आणि शेवटची ठरली.

१० जूनच्या सकाळी विमान स्पेनमधील मालागाकडे ८१ प्रवाशांसह निघाले. सुमारे १७,३०० फुटांवर काच सुटून उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत विमानाबाहेर खेचला गेला. आतील सेवकांनी त्याचे पाय धरून ठेवले. सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवले. सर्वजण वाचले, कॅप्टनसुद्धा. अशा कथेचा शेवट असा होणे हे केवळ भाग्य.

या घटनेत खलनायक कोणी नाही, आणि म्हणूनच ती बोचते. पेढीवर वाढलेल्या कोणालाही भांडारप्रमुखाची अवस्था अनोळखी वाटणार नाही. गिऱ्हाइकाला एकदा खरे सांगावे. त्याने मानले नाही तर गप्प बसावे. मोठ्याला, अनुभवी माणसाला, दोनदा टोकणे उद्धटपणाचे. ही रीत घरात शोभते, दुकानातही बहुधा खपते. काका चुकीचा आकडा मांडत असतील तर पुतण्या हळूच एकदा सुचवतो आणि काकांनी मान हलवली की विषय संपतो. वर्षअखेरीला ताळेबंदात काय ते निघेल. विमानाखाली काम करणाऱ्या मुलाने ही नम्रता दाराबाहेर ठेवून आत गेले पाहिजे. तेथे 'एकदा सांगितले होते' या वाक्याला काही मोल नाही. क्रमांक जुळत नसेल तर वस्तू हातात न देणे, खिळी दिसत नसेल तर काम न करणे, समोरचा पंचवीस वर्षांचा अनुभवी असला तरी 'थांबा' म्हणणे, हे तेथे पदाच्या बाहेरचे वर्तन नसून पदाचाच भाग आहे. मुलांना मोठ्यांपुढे बोलू न देणाऱ्या घरांनी याचा थोडा विचार करावा, कारण सवय आयत्या वेळी पालटत नाही.

कागदाकडे न पाहता आठवणीवर केलेले काम, हाही याच घराण्यातला दोष. २ ऑक्टोबर १९९६ रोजी लिमाहून निघालेल्या एरोपेरूच्या बोईंग ७५७ ची धुण्या-पुसण्याची सफाई झाली होती. धुताना हवेचा दाब मोजणाऱ्या बारीक छिद्रांत पाणी जाऊ नये म्हणून डाव्या बाजूची छिद्रे चिकटपट्टीने झाकली होती. ते योग्यच होते. पट्टी काढायची राहिली. ती भडक रंगाची असती तर कोणाच्या तरी डोळ्यांत भरली असती. ती विमानाच्या पत्र्यात मिसळून जाणारी होती. रात्रीच्या अंधारात समुद्रावर वैमानिकांना उंची आणि वेग यांचे आकडे खोटे दिसत राहिले, आणि सत्तरच्या सत्तर माणसे गेली.

हेलिओस कंपनीच्या बोईंग ७३७ चे दुःख तर एका बटनाएवढे. १४ ऑगस्ट २००५ च्या पहाटे सायप्रसमधील लार्नाका येथे मागच्या एका दारातून आवाज येतो, म्हणून जमिनीवर दाबाची चाचणी घेतली गेली. त्यासाठी आतील हवेचा दाब राखणाऱ्या यंत्रणेचे बटन 'आपोआप'वरून 'हाताने'वर फिरवावे लागते. चाचणी झाली, दार ठीक निघाले, बटन परत फिरवायचे राहिले. त्यानंतर उड्डाणापूर्वी आणि उड्डाणानंतर वैमानिकांच्या तपासणी-यादीत ते पाहण्याच्या तीन संधी होत्या, तीनही निसटल्या. विमान वर चढत गेले, आतील हवा विरळ होत गेली, धोक्याचा भोंगा वाजला तो दुसऱ्याच कारणाचा समजला गेला. हळूहळू माणसे शुद्ध हरपली. ग्रीसमधील ग्रामातिको गावाजवळच्या डोंगरावर विमान आदळले. १२१ जण दगावले. तपासणीने काही बिघडवले नव्हते. ती पूर्ववत केली गेली नाही, इतकेच. काम संपले असे केव्हा म्हणायचे, याचे उत्तर येथे आहे: जे जे हलवले, ते ते मूळ जागी आले आणि तसे कागदावर उतरले, तेव्हा.

या बाबतीत विमानाच्या तळावरची शिस्त व्यापाऱ्याच्या रोजमेळाशी विलक्षण जुळते. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची, प्रत्येक पेचकसाची आकृती रंगवलेली असते. पाना उचलला की त्याची रिकामी सावली मागे दिसते. पाळी संपताना एक जरी सावली रिकामी असली, तर विमान सोडले जात नाही. इंजिनात विसरलेला छोटा पाना काय करील, हे सांगायला नको. रात्री रोख मोजताना पाच रुपयांचा फरक आला तर जुने शेटजी दुकान बंद करीत नसत. रक्कम मोठी नसे, पण फरक कोठून आला हे कळल्याशिवाय झोप लागत नसे. अखेरीस परवानाधारक अभियंता विमान सेवेस योग्य असल्याची सही करतो. हुंडीवरच्या सहीची किंमत जाणणाऱ्या समाजाला त्या सहीचे वजन वेगळे समजावून सांगावे लागू नये.

आता घराकडे वळावे. काही गोष्टी साध्या आहेत, पण घरच्यांच्याच हातात आहेत. साखरपुड्याची सोन्याची अंगठी मुलाने कामावर घातली नाही, तर सासरच्यांनी वाईट वाटून घेऊ नये. अंगठी पत्र्याच्या कडेत किंवा खिळीत अडकली की बोटाची कातडी सोलून निघते. विजेच्या तारांना टेकली की जागच्या जागी तापून लाल होते. गळ्यातील साखळी, मनगटाचा दोरा, ओढणी, सैल बाही यांचेही तेच. सराफी करणाऱ्या घरातील मुलाला बिनाअंगठीचा पाहणे आजीला जड जाते, जाऊ द्यावे.

दुसरी गोष्ट उपवासाची. दशलक्षण पर्वात किंवा पर्युषणात व्रत करणारी तरुण मुले आजही पुष्कळ आहेत, आणि त्यांतील काही रात्रपाळी करतात. दिवसभर निराहार राहून पहाटे तीन वाजता विमानाच्या पंखावर चढणाऱ्याचे लक्ष तसेच राहील, असे धरून चालता येत नाही. व्रत असल्याचे त्याने पाळीप्रमुखाला मोकळेपणाने सांगावे, त्या दिवसांपुरती रजा किंवा जमिनीवरचे, कागदपत्रांचे काम मागून घ्यावे. ते न जमल्यास आपल्या महाराजांना विचारून व्रताचे स्वरूप ठरवावे. ज्या परंपरेत चालताना पुढची जमीन पाहून पाऊल टाकायचे असते, त्या परंपरेत ही विचारणा कमीपणाची ठरणार नाही. लपवून केलेल्या उपवासात धोका त्याच्या एकट्याचा नसतो.

आणि झोप. बर्मिंगहॅमची काच पहाटे बसवली गेली. कोलकात्याची दारे मध्यरात्रीनंतर मिटली. प्रवासी विमाने दिवसा उडतात, म्हणून त्यांची देखभाल रात्री होते. याला इलाज नाही. सकाळी आठला घरी आलेल्या मुलाला दहा वाजता बँकेत पाठवणारे, दुपारी पाहुण्यांसमोर बसवणारे आणि संध्याकाळी पुन्हा डबा देऊन पाळीवर धाडणारे घर त्याच्यावर मायाच करीत असते. त्याच्या पाळीची वेळ माहीत असताना मध्येच फोन करून 'लग्नाची तारीख कोणती धरायची' असे विचारणारे मामाही मायेपोटीच विचारतात. विमानाखालच्या माणसाचा फोन त्या वेळी खिशात नसून कपाटात असला पाहिजे. तो उचलत नाही म्हणून घरात रुसवे होऊ नयेत, एवढे तरी करता येईल.

मुंबईच्या त्या रात्रीसारख्या चुका टळाव्यात म्हणून विमान निघण्याच्या वेळी एक लहानसा विधी असतो. खिडकीजवळ बसलेल्या प्रवाशाला तो पुष्कळदा दिसतोही, पण त्याचा अर्थ ठाऊक नसतो. विमान मागे ढकलताना पुढचे चाक वळवण्याची वैमानिकाची यंत्रणा एक खिळी घालून निष्प्रभ केलेली असते. ट्रॅक्टर सुटतो, तंत्रज्ञ ती खिळी काढतो, हेडसेटची तार उपसतो आणि विमानापासून दूर, वैमानिकाला स्पष्ट दिसेल अशा जागी जाऊन उभा राहतो. मग तो हात उंच करून खिळी दाखवतो. तिची लाल फीत वाऱ्यावर फडफडत असते. खिळी माझ्या हातात आहे, माझी माणसे माझ्या बाजूला आहेत, चाकापाशी कोणी नाही, असा त्याचा अर्थ. वैमानिक काचेआडून हात हलवून उत्तर देतो. ते उत्तर दिसेपर्यंत तंत्रज्ञाने हात खाली घ्यायचा नसतो, आणि ती फीत दिसेपर्यंत वैमानिकाने चाक हलवायचे नसते. पुढच्या वेळी पुण्याहून किंवा मुंबईहून विमान सुटताना खिडकीतून खाली पाहावे. हात वर करून उभा असलेला तो माणूस बहुधा तिशीच्या आतला असतो.